वीव्हरव्हिलचं चिनी देऊळ कुठे गेलं?

तुमच्या लेखात कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी काउंटीबद्दल 'बघण्यासारखं म्हणजे मेन स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या इमारती आणि बाहेरचे गोल जिने' असं लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. तिथल्याच वीव्हरव्हिल गावातलं जॉस हाऊस, म्हणजे चिनी देऊळ, कसं काय सुटलं? आधीचं देऊळ जळाल्यावर चिनी लोकांनी १८७४ मध्ये परत बांधलेलं हे ताओ या चिनी धर्मपंथाचं देऊळ आहे, आणि अजूनही तिथे पूजा होते. आम्ही रेडिंग शहरातून हायवे २९९ ने गेलो होतो. बाहेरून लाकडी भिंतीला निळा रंग आणि त्यावर विटांसारख्या पांढऱ्या रेघा, आत काळोखात सोनेरी कोरीवकाम, देवापुढे उदबत्त्या, बघतच राहिलो.

कॅलिफोर्नियात सोन्यासाठी आलेल्यांमध्ये हजारो चिनी होते, १८५२ पासून परदेशी खाणकामगार म्हणून महिन्याला ३ डॉलर टॅक्स भरायचे, तो मुख्यतः त्यांच्याकडूनच वसूल व्हायचा, आणि १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच कायद्याने बंदी घातली. एवढं होऊनही देऊळ टिकलं, १९५६ पासून ते स्टेट पार्क आहे, त्यामुळे माहिती मिळाली नाही असंही म्हणता येणार नाही. प्लीज लेखात एक पॅरा तरी टाका, लोक एवढ्या लांब जाऊन जिन्यांचे फोटो काढून परत येतील.