ओव्याच्या पुरचुंडीलाही मुदत असते

कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोबाला बसतो मी. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागला, रेचे (सरकी वेगळी काढणारी यंत्रं) सुरू झाले, की फेब्रुवारीपर्यंत माझं नाक माझं राहत नाही. माझी खोली काट्याजवळ, रेच्यांपासून चांगली लांब. तरी संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं की रुईचा थर निघतो. त्यात आपली खानदेशी थंडी. दुपारी शर्ट भिजतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली. साधी सर्दी झाली तरी तिसऱ्या दिवशी गाल जड, भुवईवर ठणका, आणि खाली पडलेली पावती उचलायला वाकलो की कपाळ गळून पडेल असं वाटतं.

आणि सायनस म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण अर्धा वैद्य. काट्यावरचा हमाल म्हणतो नाकात कांद्याचा रस टाका. कापूस घेऊन आलेले कुणी आप्पा म्हणतात मोहरीचं तेल. फॅमिली ग्रुपवर लिंबाचा रस येऊन पडलेला असतोच. 2021 साली कोरोनात तो किती फिरला ते आठवत असेल. यातला कांदा मी करून पाहिलाय. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. घरचे खूश, म्हणे निघालं सगळं बाहेर. कसलं काय! चटका बसल्यावर नाक जे पाणी सोडतं तेच होतं ते. आतली त्वचा मात्र दोन दिवस चुरचुरत राहिली. तेलाचंही तसंच. रोज रोज नाकात तेल सोडलं तर ते घसरत फुप्फुसात जाऊ शकतं आणि तिथे वेगळंच दुखणं उभं करतं.

हे वाचून कुणाला वाटेल की हा माणूस घरच्या औषधांवर उठलाय. मुळीच नाही. माझी मोठी माय (आजीला आम्ही मोठी माय म्हणतो) अजून ओव्याची पुरचुंडी करते. तव्यावर मूठभर ओवा, आच मंद. तडतडायच्या आत उतरवायचा, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गाठ मारायची. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघते, मग माझ्या गालावर. थोडा वेळ गाल, थोडा वेळ भुवई, मग परत तव्यावर. ओव्यातल्या थायमॉलचा वास नाकात घुमतो ते वेगळं, पण खरं काम उबेचं. ठणका सैल होतो, झोप लागते. रात्रभर तळमळलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

माझं भांडण आहे ते ‘घरचंच आहे, किती दिवस केलं तरी काय बिघडतं’ या वाक्याशी.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्यांच्या चार जोड्या. गालाच्या हाडात एकेक पोकळी असते, चारही जोड्यांमधली सगळ्यात मोठी. तिचं तोंड तळाला नसतं, वरच्या अंगाला असतं आणि असतंही जेमतेम काही मिलिमीटरचं. म्हणजे आतला शेंबूड उताराने वाहून येत नाही. आतल्या त्वचेवरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत वर चढवतात आणि नाकात सोडतात. विहिरीचं पाणी मोटारीशिवाय शेतात येत नाही, तसंच हे. सर्दीत ते तोंड सुजून बंद होतं, केसांची मोटार मंदावते आणि पाणी आतच साचतं. वाफ, शेक, मिठाचं पाणी, गरम कढण यांनी शेंबूड पातळ होतो, जरा आराम पडतो. जंतू मरत नाहीत. बहुतेक वेळा मारायची गरजही नसते, कारण बहुतेक सायनसची सुरुवात विषाणूने होते आणि सात ते दहा दिवसांत शरीरच ते निस्तरतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक मागायला पळू नये, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळेही येतो.

दहा दिवस होऊनही उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा जोरात उलटलं असेल, तर मात्र पुरचुंडी बाजूला ठेवायची. हे मला आता कळतं. दोन वर्षांपूर्वी कळत नव्हतं.

तेव्हा माझा फक्त डावा गाल धरला होता. नाकातून डाव्याच बाजूने घाण वास, सडल्यासारखा. रोज दोनदा वाफ, रात्री पुरचुंडी, सकाळी सुंठीचा लेप. प्रत्येक वेळी तास-दोन तास मस्त मोकळं वाटायचं. त्या दोन तासांनीच माझा घात केला. अगदीच उतार पडला नसता तर आठव्या दिवशी दवाखाना गाठला असता. मध्येच मेडिकलमधून नाक उघडणारे थेंब आणले, झायलोमेटाझोलिनचे. काय सुटतं नाक! दहा मिनिटांत हायवे. तीन दिवस, फार तर पाच, एवढीच त्यांची मुदत. पुढे टाकत गेलं की थेंबांचा असर उतरताच त्वचा जास्त सुजते, आणि ती सूज उतरवायला पुन्हा थेंब. मी तीन आठवडे टाकले. शेवटी शेवटी बाटली उशाखाली असायची.

सहाव्या आठवड्यात मोठी माय करवादली, “पोऱ्या, नाकमा काय काय टाकी ऱ्हायना तू? आते तरी डाक्टरकडे जाय!” शेकणाऱ्या बाईनेच हाकललं, मग गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाक पाहिलं, फोटो काढायला लावला आणि विचारलं, वरची दाढ दुखते का? दाढ! वरच्या दाढांची मुळं त्या गालाच्या पोकळीच्या तळाशी टेकलेली असतात, हे मला चाळिशीत कळलं. चार वर्षांपूर्वी भरलेली डावी दाढ आतून सडली होती आणि तिचा पू वर चढत होता. मी सहा आठवडे गाल शेकत होतो. रूट कॅनल झालं, औषधं झाली, थेंब सोडवताना आठवडाभर रडवलं नाकाने, आणि मग वास गेला. त्या हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं आणि चव लागली. (मिरचीने नाक वाहतं हे खरं, पण भरीत म्हणजे उपचार नव्हे. तरी खावं.)

तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुतो, जलनेतीसारखंच. धुळीत काम करणाऱ्याला याच्याएवढं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पाव लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं असलं तर बरं, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबत नाही. पाणी मात्र खळखळ उकळून कोमट केलेलंच. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि पाणी ड्रममध्ये पडून असतं. पिताना ज्याने काही होत नाही, तेच नाकातून वर गेलं तर अमिबाचा धोका असतो. फार क्वचित होतं, पण झालं तर मेंदूपर्यंत जातं. केरळमधल्या बातम्या वाचल्या असतील.

वाफेचं एक. मोठ्यांनी घ्यावी, पातेलं जमिनीवर ठेवून, गॅस बंद करून. लहान लेकराला चादरीखाली कोंबू नका. आमच्या नात्यातल्या सहा वर्षांच्या पोराने पाय झाडला, पातेलं मांडीवर सांडलं. सर्दी चार दिवसांत गेली, मांडीवरचा डाग अजून आहे. लेकरांच्या नाकाजवळ कापूर नेणंही बंद करा.

आणि शुगरवाल्यांनी दहा दिवसांची वाट पाहूच नये. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, गाल बधिर, नाकातून काळसर काही, मान ताठ, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. 2021 चा काळ्या बुरशीचा उन्हाळा आपण पाहिलाय.

मी आता एक करतो. नाक धरलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला, त्या तारखेला पेन्सिलने गोल करतो. हिशोबनीस माणूस, दुसरं काय सुचणार. या वेळचा गोल गेल्या सोमवारी आहे, आज आठवा दिवस. हे लिहिता लिहिता आत मोठी मायने तव्यावर ओवा टाकलाय आणि त्याचा वास मला इथे ओट्यावर येतोय.