पाय दिसत नाही म्हणजे पाय नाही असं नसतं

मागे मी एका तुतवार पक्ष्याचा फोटो टाकला होता. चिखलात एका पायावर उभा, दुसऱ्या पायाचा पत्ता नाही. खाली मी 'एका पायावर झुंजणारा जिद्दी जीव' वगैरे लिहिलं आणि तुम्ही मंडळींनी धडाधड रडके चेहरे आणि सलाम पाठवले. आठवड्याने तीच फ्रेम मोठ्या स्क्रीनवर ताणून बघितली, तर पोटाच्या पिसांतून मळकट हिरव्या बोटाचं टोक डोकावत होतं. पाय शाबूत होता. साहेब झोपले होते.

ती पोस्ट काढून टाकली. खुलासा मात्र केला नव्हता, तो आज करतोय.

चिखलपक्ष्यांना एका पायावर उभं राहण्याची सवयच असते. पायांवर पिसं नसल्याने तिथून ऊब निघून जाते. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जात उष्णतेची देवाणघेवाण करतं, त्यामुळे बरीच ऊब वाचते. एक पाय पिसांत घेतला की आणखी वाचते. आणि आपल्याला वाटतो तसा हा तोल सांभाळायचा खटाटोप नसतो, निदान रोहितांच्या (म्हणजे फ्लेमिंगोंच्या) बाबतीत तरी नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेलेले रोहितसुद्धा एका पायावर, स्नायूंच्या मदतीशिवाय, स्थिर उभे राहिले होते.

बरं, लंगडी घातली म्हणजे तरी खात्री? तीही नाही. विसावलेल्या चिखल्याजवळ कुणी गेलं तर तो दुसरा पाय बाहेर काढायचा कंटाळा करतो आणि टुणटुण उड्या मारत चार हात पुढे सरकतो. बघणारा हळहळतो.

इथे माझा खरा राग सुरू होतो. खात्री करायची म्हणून टाळ्या वाजवणारे, खडा मारणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. भरतीने चिखल बुडाला की या पक्ष्यांना खायला जागा उरत नाही, म्हणून ते काठावर गप्प उभे असतात. यातले कित्येक हजारो किलोमीटर उडून आलेले किंवा निघायच्या तयारीतले. पोटातली चरबी हीच त्यांची शिदोरी, आणि ती आपण आपल्या कुतूहलापायी खर्च करायला लावायची? शिवाय खरंच एक पाय नसेल तर त्या बिचाऱ्याला उठणं-उतरणं दुप्पट जड.

थांबलं की सगळं कळतं. पक्षी आळस देताना एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतो. डोकं खाजवायला पाय वर घेतला तर प्रश्नच मिटला. पाणी निवांत असेल तर कॅमेरा जमिनीलगत ठेवून प्रतिबिंब बघा. पोटाची खालची बाजू त्यात दिसते, दुमडलेला पाय कधीकधी तिथेच सापडतो.

गेल्या हिवाळ्यात एक शेकाट्या असाच दिसला. या वेळी आडवा पडून राहिलो, तासभर तरी. कोपरं भिजली, मान अवघडली. शेवटी तो आपणहून उडाला. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय उडताना शेपटीच्या बरेच मागे लोंबतात, तिथे लपवाछपवी चालत नाही. 1/2000 शटरवर सलग बारा फ्रेम घेतल्या. बाराही फ्रेममध्ये एकच गुलाबी रेघ, आणि डाव्या बाजूला सांध्याखाली बोटभर थोटूक.

कशाने गेला असेल? मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा फास बसला की रक्तपुरवठा तुटून पाय झडतो, हे होतं. पण माझ्या फोटोत दोरा नाही, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही. उरलेल्या पायावर दोरा दिसला असता तर तीच फ्रेम आधी पक्षी सोडवणाऱ्यांकडे पाठवली असती.

या फोटोखाली जिद्द नाही, सलाम नाही. तारीख, डावा पाय, सांध्याखाली तुटलेला, जखम भरलेली, उडतो नीट, खातो नीट. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, आपला नव्हे. हे लिहितानाही मी दोनदा चुकलो.