चढू द्या की पोरांना!

पुन्हा शिट्टी! चार वर्षांची पोर सिमेंटच्या हत्तीच्या सोंडेवर एक पाय टाकते न टाकते, तोच वॉचमन धावत येतो. 'ए, उतर खाली!' पोरीचा तळवा अजून त्या खरखरीत, उन्हाने तापलेल्या कानावर आणि डोळ्यांत पाणी. शेजारी पाटी: 'शिल्पावर चढू नये.' अहो, मग पोरांच्या बागेत, पोरांच्या उंचीचा हत्ती बांधलात कशाला? कासवाला कुंपण. फायबरच्या जिराफाला साखळी. परवा तर मगरीभोवती काटेरी तार दिसली, खेळायच्या जागेत तार!

जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुचीने 1933 मध्येच पोरांनी चढावं-घसरावं म्हणून अख्खा डोंगर कल्पिला होता. न्यूयॉर्कने तो नाकारला, पण गडी हटला नाही. जपानमधल्या सप्पोरोच्या ओदोरी पार्कात त्याची काळ्या ग्रॅनाइटची घसरगुंडी आहे. ते शिल्पच आहे आणि पोरं त्यावरून खुशाल घसरतात. शिकागोत 1967 पासून उभ्या असलेल्या पिकासोच्या पोलादी शिल्पाच्या उतारावरही पोरं घसरतात. कुणी शिट्टी फुंकत नाही.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात आपणच लहानपणी जिना चढून गेलो ना? तो बूट नुसता लांबून बघायचा असता, तर कुणाच्या लक्षात राहिला असता?

रंग उडतो म्हणता? उडू दे, पुन्हा लावा! कोपरा धारदार आहे? घासून गोल करा. पडतील म्हणता? खाली वाळू टाका. पण ती शिट्टी आधी बंद करा!