लोकल इन्फॉर्मंट

आज संध्याकाळी एका व्याख्यानाला गेले होते, विषय माझ्या जिव्हाळ्याचा, आपल्याकडच्या झाडांच्या अभ्यासाचा इतिहास. स्लाइडवर हॉर्टस मलबारिकस, म्हणजे मलबारच्या झाडांवरचा जुना ग्रंथ, खाली व्हॅन रीडचं नाव, 12 खंड, ॲमस्टरडॅम, 1678 ते 1693. झालं, पुढची स्लाइड. मी हात वर करून विचारलं, आणि इट्टी अच्युतन? तर वक्ते म्हणाले, "हो हो, लोकल इन्फॉर्मंट्स होते ना बरेच."

लोकल इन्फॉर्मंट्स! वडोदऱ्याचा दांडिया बाजार येईपर्यंत रिक्षात नुसती धुमसत होते.

अहो इट्टी अच्युतन वैद्य होता, घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ताडपत्रांवरून त्याने एकेका झाडाचं नाव आणि औषध सांगितलं म्हणून तो ग्रंथ झाला, सातशेच्या वर झाडं आहेत त्यात, पुढे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेसुद्धा मलबारच्या झाडांसाठी तोच उघडला. व्हॅन रीडने पैसा, माणसं, छपाई सगळं उभं केलं, मान्य. पण झाड ओळखलं कोणी?

मला गुजरातेतल्या जांबुघोड्याचे काका आठवले. 1996, एमएस्सीचं माझं डेझर्टेशन, एप्रिलचं ऊन, अर्ध्या झाडांवर पान नाही आणि आमच्या हातातल्या पुस्तकात पान-फूल असल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. काका राठवा आदिवासी होते. खोडावर कोयत्याची एक हलकी खूण करायचे, साल नाकाशी न्यायचे आणि मग माझ्यापुढे धरायचे, "सूंघी जुओ, बेन." मोदड, सादड, धावडो, एकदाही चुकले नाहीत. मी रात्री पुस्तक काढून पडताळायचे, तेच निघायचं.

आणि हे सगळीकडे असंच आहे हो. इंग्रजांसाठी तिबेटची गुप्त मोजणी करणारा नैनसिंह रावत 100 मण्यांची माळ ओढत पावलं मोजत ल्हासापर्यंत गेला, कवड्यांत पारा लपवून नेला, आणि कागदावर तो कोण, तर "पंडित". गुप्त काम होतं, नाव लपवणं भाग होतं, बरं, तेही मान्य. पण आपल्या पुण्याच्या गंगाराम तांबटाचं काय गुप्त होतं? पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलासाठी, मॅलेटसाठी, वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली त्याने, पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र काढलं, आज दहा मराठी माणसांना विचारा कोण हा गंगाराम, एकाला सांगता येणार नाही. साहेबांनी नावं पुसली म्हणून ओरडायचं, आणि आपण कुठे जपली?

हे टाइप करता करता उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. हर्बेरियम शीट्स, वाळवलेल्या फांद्या चिकटवलेले कागद, आहेत अजून, कडा वाळवीने खाल्ल्यात. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात लेबल, "कलेक्टर", आणि पुढे माझं नाव, माझ्या वळणदार अक्षरात. झाडावर चढले काका. फांदी तोडली काकांनी, ओळखली काकांनी. डेझर्टेशनच्या शेवटी आभारात मी काय लिहिलंय ते आत्ता वाचलं, "स्थानिक लोकांच्या सहकार्याबद्दल ऋणी आहे".

मग त्या वक्त्यांवर कुठल्या तोंडाने चिडू?

व्हॅन रीड डच कंपनीचा अधिकारी, मलबारवर राज्य करायला आलेला माणूस, त्याने पहिल्याच खंडात इट्टी अच्युतनचं निवेदन त्याच्या नावासकट, त्याच्याच लिपीत छापलं. रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट यांचं कोंकणीतलं पत्र नागरी लिपीत छापलं, आपल्याला आजही अक्षर लावून वाचता येईल असं. 1678 मध्ये. आणि मी चार आठवडे ज्यांच्या घरची मक्याची भाकरी खाल्ली, ज्यांच्या बायकोने माझ्या पायातला काटा काढला, त्यांना काका म्हणत राहिले आणि नाव विचारलं नाही. एकदाही नाही.

रविवारी बोडेलीची बस पकडून जांबुघोड्याला जाणार आहे. तेव्हाच ते साठीचे असतील, त्यामुळे भेटतील अशी आशा नाही, पण मुलं-नातवंडं असतील कोणी. शीट्स सोबत नेतेय.

आमच्या बॅचचं कोणी हे वाचत असेल तर प्लीज, रात्री कितीही वाजता फोन करा. तळ्याकाठचं घर, दारात मोठा महुडा, म्हणजे मोहाचं झाड, काकांच्या डाव्या हातात चांदीचं कडं. काकांचं नाव आठवतंय का कोणाला?