दोन स्टारच्या शेऱ्याला उत्तर: ते तेल तळणीचं नाही

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. अंड्यांचा ट्रे बदलून द्यायला त्याच दिवशी तयार होतो, आजही आहे.

पण "अंड्यांना माशासारखा वास येतो, येणारच, हे लोक कोंबड्यांना वडापावच्या गाड्यावरचं काळं तेल पाजतात" असं तुम्ही लिहिलंत, ते मनाला लागलं. वास आला म्हणा, बाजारापेक्षा रुपया जास्त घेतला म्हणा, ऐकून घेईन. तेलाचं मात्र साफ खोटं आहे.

फार्मवर खाद्य मिसळायच्या मिक्सरशेजारी तुम्ही जो डबा बघितला, त्यात कच्चं सोयाबीन तेल होतं. रिफाईंड केलेलं नसतं, म्हणून तांबूस-काळपट दिसतं. नाक लावून बघितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. विचारलंही नाही, फोटो तेवढा काढलात. एक टन खाद्यात हे तेल 15 ते 20 किलो पडतं. मका, सोयापेंड, शिंपल्याचा चुरा यांच्यात ते दिसतसुद्धा नाही, पाजायचं कुठलं?

आणि घालतो तेही उगाच नाही. एप्रिल-मे महिन्यात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, खाणं कमी करते. तेलात मक्याच्या अडीचपटीहून जास्त ऊर्जा, शिवाय ते पचताना अंगात उष्णता कमी तयार होते, म्हणून थोडक्या खाण्यात तिचं भागतं. त्यातल्या लिनोलिक आम्ल नावाच्या स्निग्ध घटकानं अंडं वजनाला भरतं. भरडलेल्या खाद्याची धूळ उडत नाही, तो फायदा वेगळाच. उलट तळून तळून खवट झालेलं तेल घातलं, तर खाद्यातलं ई जीवनसत्त्व मरतं, कोंबड्या तोंड फिरवतात, अंडी घटतात. बँकेचा हप्ता मलाच भरायचाय साहेब, स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

माशासारखा वास खाद्यात जवस जास्त झालं की येऊ शकतो. ओमेगा-3 च्या अंड्यांसाठी जवस घालतात, आमच्याकडे ते येतच नाही. राग मानू नका, पण त्या दिवशी तुमच्या डिकीत सुकटाची पिशवी होती. ट्रे पुढच्या सीटवर ठेवतो म्हणून आमचा पोरगा म्हणाला, तर "असू दे तिथंच" म्हणालात. टरफलाला बारीक छिद्रं असतात, शेजारचा वास अंड्यात उतरतो. त्यात बंद डिकी आणि दुपारचं ऊन!

रुपयाचं काय, सकाळची अंडी सकाळीच दुकानात येतात, त्याचा आहे तो.

तुमचा शेरा वाचून राजारामपुरीतल्या एका खानावळीनं रोजचे ट्रे थांबवलेत. त्यांना मी काय दाखवू, तुमचा फोटो?

डब्यांवर नावाच्या पट्ट्या लावतोय, बाकीच्याही सुधारणा चालू आहेत. एकदा या की फार्मवर, तुमच्यासमोर खाद्य मिसळतो. पटलं तर तेलाची ओळ तेवढी काढा. स्टार दोनच राहू देत.