लाटणं पोळपाटावरच राहू द्या

बुधवारी संध्याकाळी इंदिरानगरला आत्याकडे गेले तर ती पलंगावर आडवी, पोटाला एरंडेल चोपडलेलं आणि शेजारी काका लाटणं घेऊन बसलेले.

आत्याला अंडाशयाचा कॅन्सर आहे, दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे. पाच दिवस शौचाला झालं नव्हतं. त्यात भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला : 'कॅन्सरच्या औषधांनी पोट धरलंय? गोळ्या बंद, घरगुती फिजिओथेरपीने 5 मिनिटांत साफ!' खाली सहा उपाय, आणि 'दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल.' मला तो तीन ठिकाणांहून आलाय, म्हणून एकदाचं लिहितेच.

'लाटणं जोर लावून बेंबीभोवती फिरवा, आतली गाठ फुटून मळ सुटतो.' अहो, आत्याच्या पोटात खरोखरच गाठ आहे! केमोमुळे प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरलेल्या. काकांनी दोनदाच लाटणं फिरवलं तर बेंबीच्या डावीकडे बोटभर जांभळा डाग उठला. पोटात पाणी झालेलं असेल, टाके ताजे असतील किंवा आतडं अडलं असेल, तर असा दाब जिवावर बेतू शकतो. फिजिओ पोट चोळायला शिकवतात, हे खरं. पण कसं? उजवीकडे खालून सुरुवात, वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग खाली. मोठं आतडं वळतं तसाच हात वळतो. तळहाताने, हलकेच, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. कणीक तिंबायची नसते.

'मॉर्फिन बंद करा.' आत्याने दोन दिवस गोळ्या उशीखाली लपवल्या. पोट साफ झालं नाहीच, वर रात्रभर कण्हत बसली. मॉर्फिन आतड्यावरही काम करतं : आतड्याची हालचाल मंदावते, मळातलं पाणी शोषलं जातं, मागे खडे उरतात. गुंगी, मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. हा त्रास मात्र अंगवळणी पडत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबरच जुलाबाचं औषध द्यायचं असतं. हे माझं मत नाही. एस्मो या युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट लिहिलंय. चोळणं, चालणं हे त्या औषधाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

'जुलाबाच्या गोळ्यांची सवय लागते.' मॉर्फिन आहे तोवर गोळी लागणारच. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी तो काढून ठेवतं का?

'इसबगोल रोज तीन चमचे.' मॉर्फिनच्या बद्धकोष्ठाला नको, असं त्याच सूचना सांगतात. आतडं ढकलत नाही, आत्या पाणी जेमतेम चार पेले पिते, आणि वर हा लगदा!

'रोज एनिमा.' पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स कमी असताना तर मुळीच नाही.

'कमोड सोडा, उकिडवे बसा.' बरं, यात अर्धं तथ्य आहे. गुडघे कमरेच्या वर आले की मळाची वाट सरळ होते. पण आत्याला उठताना दोघांनी धरावं लागतं, ती उकिडवी कुठून बसणार? कमोडपुढे पायाखाली देवघरातला जुना पाट दिला, कोपरं मांडीवर, थोडं पुढे वाकून. वेळ नाश्त्यानंतरची, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपसूक जागं होतं.

सगळ्यात वाईट ओळ तळाशी : 'गुण न आल्यास दुप्पट करा.' पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, अशा वेळी काहीही दुप्पट करायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि पाचसहा दिवसांनी अचानक पातळ झालं तर 'सुटलं' म्हणून खूश होऊ नका. कधीकधी खड्यांच्या कडेने नुसतं पाणी झिरपत असतं.

गुरुवारी डॉक्टरांनी तपासून आतडं अडलेलं नाही याची खात्री केली, मॉर्फिन पुन्हा चालू केलं, सोबत जुलाबाची दोन औषधं दिली. शनिवारी सकाळी पाट कामी आला.

काकांनी मात्र तो मेसेज बुधवारीच दहा जणांना पाठवून पुण्य घेतलं होतं. आता वहीत नावं लिहून एकेकाला फोन लावताहेत. काल रात्री सातव्या नावापर्यंत पोचले होते.