‘लष्करानेच मान्य केलंय’: उडत्या तबकड्यांच्या एका संदेशाला उत्तर

उडत्या तबकड्यांबद्दलचा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकी हवाई दलाने बावीस वर्षं गुप्त चौकशी केली, त्यात ७०१ तबकड्या परग्रहावरच्या निघाल्या, आणि सत्य हाती लागल्यावर १९६९ मध्ये घाईघाईने गाशा गुंडाळला. लढाऊ वैमानिक चुकत नसतात. पेंटागॉनने व्हिडिओ खरे असल्याचं कबूल केलंय. रॉसवेलच्या बाबतीत तर दर वेळी नवीन गोष्ट सांगितली. आता एका गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर साक्ष दिलीय. शेवटी ठेवणीतला सवाल: लपवण्यासारखं काही नव्हतं, तर लपवलं कशाला?

निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यातला जवळपास प्रत्येक दावा कुठल्या ना कुठल्या खऱ्या कागदाला टेकून उभा आहे. गोची अशी, की ते कागद ज्यांनी लिहिले त्यांना एकच गोष्ट हवी होती: आकाशात दिसलेल्या या वस्तूपासून देशाला धोका आहे का? ‘नाही’ असं उत्तर मिळालं की वस्तू नेमकी काय होती यातला त्यांचा रस संपायचा. ही बाब ध्यानात ठेवली की संदेशातले मुद्दे एकेक करून तपासता येतात.

‘७०१ तबकड्या परग्रहावरच्या निघाल्या’

आकडा खरा, पुढचं वाक्य संदेशकर्त्याचं. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या आणि ‘उडत्या तबकड्या’ वर्तमानपत्रांत शिरल्या. १९४८ मध्ये हवाई दलाने ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू केला, पुढच्या वर्षी त्याचा ‘ग्रज’ झाला आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी जमल्या. बहुतेकांचा उलगडा ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमानं किंवा लबाडी असा झाला. ७०१ नोंदी, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या थोड्या वर, उलगडल्याशिवाय राहिल्या. त्या परग्रहावरच्या असल्याचं हवाई दलाने कुठेही म्हटलेलं नाही. उलट असा कोणताही पुरावा आढळला नाही, हे समारोपाच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं.

यावर एक ठरावीक उत्तर दिलं जातं: ‘माहिती अपुरी होती म्हणून उलगडा झाला नाही, संपला विषय.’ हे उत्तरही अर्धवट आहे. अपुऱ्या माहितीच्या नोंदींसाठी ब्लू बुकमध्ये वेगळा रकाना होता. उलगडा न झालेल्या नोंदी म्हणजे ज्यांत कागदावर तरी पुरेसा तपशील दिसत होता, पण तो कशाशीच जुळेना, अशा.

त्याहून अवघड गोष्ट ‘बॅटेल मेमोरियल’ या संशोधन संस्थेने हवाई दलासाठी केलेल्या विश्लेषणात आहे. हा अहवाल १९५५ मध्ये बाहेर आला. सुमारे ३,२०० नोंदी त्यांनी साक्षीच्या दर्जानुसार वेगळ्या केल्या. उत्तम दर्जाच्या नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश उलगडल्या नाहीत. निकृष्ट नोंदींमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास. निरीक्षण जितकं चांगलं तितकं कोडं जास्त! संदेशकर्त्याला हे माहीत नसावं, नाहीतर त्याने सुरुवात इथूनच केली असती.

याचं काय करायचं? एक तर, निकृष्ट नोंद ‘माहिती अपुरी’ या रकान्यात सहज जाऊन पडते, त्यामुळे कोड्यांमधला तिचा वाटा आपोआप कमी होतो. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. याच विश्लेषकांनी उलगडा न झालेल्या चारशेहून अधिक नोंदींवरून तबकडीचं एखादं सर्वसाधारण चित्र उभं करता येतं का, ते पाहिलं. आकार, हालचाल वगैरे तपशील पुरेसे असलेल्या घटना निघाल्या फक्त १२. त्या बाराही एकमेकींशी जुळेनात. एकाच प्रकारचं यान लोक पुन्हा पुन्हा पाहत असते तर सर्वोत्तम साक्षींमधून एक रूप हळूहळू स्पष्ट व्हायला हवं होतं. मिळाल्या बारा निराळ्या गोष्टी. आजच्या ज्ञानापलीकडचं तंत्रज्ञान यामागे असण्याची शक्यता अगदीच कमी, असा निष्कर्ष त्यांनी काढला, तो यानंतर.

‘सत्य कळल्यावर १९६९ मध्ये चौकशी बंद केली’

चौकशी बंद झाली ती कंटाळ्याने आणि नाचक्कीने. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये रात्री दिवे दिसल्याच्या तक्रारींची लाट आली. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी काही घटनांमागे दलदलीतून निघणारा वायू असू शकतो, असं पत्रकारांना सांगितलं आणि देशभर त्यांची टर उडाली. त्या राज्याचे खासदार जेराल्ड फोर्ड, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, यांनी संसदेकडे चौकशीची मागणी केली. हवाई दलाने हे लचांड कोलोरॅडो विद्यापीठाच्या गळ्यात घातलं. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या समितीने दोन वर्षांनी सांगितलं, की या अभ्यासातून विज्ञानाच्या पदरात काही पडलेलं नाही आणि पुढेही पडेल असं दिसत नाही. १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद झाल्याचं जाहीर झालं.

समिती धुतल्या तांदळासारखी होती असं मात्र मी म्हणणार नाही. अभ्यास लोकांना निःपक्ष वाटावा पण निष्कर्ष बहुधा नकारात्मकच असेल, अशा अर्थाचं टिपण तिच्या समन्वयकाने आधीच लिहून ठेवलं होतं. ते फुटलं तेव्हा व्हायचा तो गदारोळ झाला. त्याआधी, १९५३ च्या जानेवारीत, सीआयएने बोलावलेल्या रॉबर्टसन समितीने तर लोकांचं तबकड्यांबद्दलचं कुतूहल प्रचाराने कमी करावं अशी शिफारसच केली होती. लष्कराबद्दल संशय का आला, हे विचारायला नको. पण पूर्वग्रह ठेवून केलेली चौकशी वाईट असते एवढंच यातून सिद्ध होतं. तिने यान लपवलं हे नाही.

आणि ‘गुप्त’? जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावरच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले तेव्हा मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पेंटागॉनमध्ये भरगच्च पत्रकार परिषद घेतली होती. ब्लू बुकच्या फायली साक्षीदारांची नावं झाकून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. एक मान्य करायला हवं: राष्ट्रीय सुरक्षेशी संबंध येऊ शकेल अशा नोंदी ब्लू बुकमध्ये येतच नव्हत्या, त्यांची वाट वेगळी होती, असं १९६९ च्या एका अधिकृत पत्रातच लिहिलेलं आहे. संशयाला इथे जागा आहे. पुराव्याला नाही.

‘लढाऊ वैमानिक आणि सैनिक चुकत नाहीत’

७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीमध्ये कॅप्टन थॉमस मॅन्टेल आकाशातल्या एका चमकत्या वस्तूच्या मागे एफ-५१ विमान घेऊन वर वर गेले. विमानात ऑक्सिजनची सोय नव्हती. २० हजार फुटांच्या वर त्यांची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळून ते गेले. हवाई दलाने आधी सांगितलं, तो शुक्र होता. पुढे जास्त पटणारा खुलासा आला: ‘स्कायहुक’, म्हणजे नौदलाचा सुमारे शंभर फूट व्यासाचा, अतिशय उंच जाणारा फुगा. तो प्रकल्प गुप्त असल्याने ना वैमानिकाला त्याची कल्पना होती ना चौकशी करणाऱ्यांना. या हाताचं त्या हाताला ठाऊक नाही, अशा खात्याने एवढा मोठा कट शिजवला असेल हे मला पचायला जड जातं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात भारतीय सैनिकांना क्षितिजावर उगवून तासन्‌तास सरकत जाणारे प्रकाशगोल दिसू लागले. फेब्रुवारीपर्यंत ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी १५५ वेळा या वस्तूंनी चीनलगतची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं मानलं गेलं. चिनी ड्रोनचा संशय होता. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आलं. त्यांनी ताऱ्यांच्या मानाने वस्तूंची जागा कशी बदलते ते पाहिलं आणि २०१३ मध्ये उत्तर आलं: एक शुक्र, दुसरा गुरू. उंचावरची विरळ, स्वच्छ हवा आणि समोर ताणलेली सीमा. दोन्ही ग्रह नेहमीपेक्षा ठळक दिसले आणि त्यांत हेर दिसला. यात सैनिकांची थट्टा करण्यासारखं काहीच नाही. प्रत्येक दिवा आधी शत्रूचा समजायचा, हेच त्यांचं काम. वैमानिकाचंही तसंच. हायनेक पुढे तबकड्यांच्या बाबतीत हवाई दलापेक्षा कितीतरी मोकळ्या मनाचे झाले, पण वैमानिक तुलनेने कच्चे साक्षीदार ठरतात, हे त्यांनीही लिहून ठेवलंय.

‘पेंटागॉनने व्हिडिओ खरे असल्याचं मान्य केलं’

केलं. २७ एप्रिल २०२० रोजी तीन व्हिडिओ अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. एक २००४ चा, दोन २०१५ चे. ते नौदलाच्या विमानांतून घेतलेले आहेत आणि त्यांतल्या वस्तूंची ओळख पटलेली नाही, एवढीच ती कबुली. चित्रफीत अस्सल असणं वेगळं आणि तिच्यावर लादलेला अर्थ खरा असणं वेगळं.

‘गोफास्ट’ हा व्हिडिओच घ्या. समुद्राला जवळजवळ घासून काहीतरी सुसाट निघालंय असं वाटतं, वैमानिकही आनंदाने ओरडतो. पण पडद्याच्या कडेला विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूपर्यंतचं अंतर यांचे आकडे दिसत राहतात. विमान २५ हजार फुटांवर आहे. शाळेतली त्रिकोणमिती लावली की वस्तू पाण्यालगत नसून सुमारे १३ हजार फुटांवर निघते, म्हणजे विमान आणि समुद्र यांच्या साधारण मध्ये. धावत्या गाडीतून पाहताना जवळचं झाड मागच्या डोंगरावरून सरकन पळाल्यासारखं दिसतं, तसा हा प्रकार. बराचसा वेग पाहणाऱ्याचा स्वतःचाच. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच गणित मांडलं, तेव्हा वस्तूचा वेग ताशी ४० मैलांच्या आसपास आला. त्या उंचीवर वाऱ्याचा वेगही तेवढा सहज असतो. ती वस्तू काय होती हे यातून कळत नाही. भन्नाट वेगाची कथा तेवढी संपते. बाकीच्या दोन व्हिडिओंवर वाद चालू आहे, चालू राहावा.

‘रॉसवेलबद्दल चार गोष्टी सांगितल्या’

खरं आहे. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या लष्करी हवाई तळावरून ‘तबकडी हाती लागली’ असं पत्रक निघालं, काही तासांत तो हवामानाचा फुगा ठरला. १९९४ च्या अहवालात तो ‘मोगल’ या प्रकल्पाचा फुगा असल्याचं आलं. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंच वातावरणात टिपण्याची ती गुप्त योजना होती. तिथे पाहिल्याचे सांगितले जाणारे परग्रहवासीयांचे ‘मृतदेह’ म्हणजे पॅराशूटच्या चाचणीतले पुतळे, हा खुलासा १९९७ चा. तो मला लंगडा वाटतो, कारण त्या चाचण्या १९५० च्या दशकातल्या. पण मृतदेहांच्या गोष्टीही घटनेनंतर तीसेक वर्षांनीच पसरायला लागल्या. चार खुलाशांपैकी मोगलला कागदपत्रांचा आधार आहे.

‘शपथेवरची साक्ष’

माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर सांगितलं, की कोसळलेली यानं परत मिळवण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू आहे. कोणी सांगितलं? इतरांनी. यानं त्यांनी स्वतः पाहिलेली नाहीत. ऐकीव माहिती खरी मानून शपथेवर सांगितली तर ती खोटी साक्ष होत नाही, पण ऐकीवच राहते. अशा अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणाऱ्या, संरक्षण खात्याच्या ‘आरो’ या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या सरकारी चौकशांचा आढावा घेतला, नाव घेतलेल्या कार्यक्रमांचा माग काढला आणि परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नसल्याचं सांगितलं. आरोपी खात्यानेच स्वतःला निर्दोष ठरवलं, हा आक्षेप रास्त आहे. तो घेणाऱ्याने निदान एखादा तुकडा तरी बाहेरच्या प्रयोगशाळेत पोचवावा.

‘लपवण्यासारखं काही नव्हतं, तर लपवलं कशाला?’

लपवण्यासारखं पुष्कळ होतं. यू-२ हे हेरगिरीचं विमान १९५५ मध्ये उडायला लागलं. प्रवासी विमानं तेव्हा फार उंच जात नसत, आणि ६० हजार फुटांवर मावळतीच्या उन्हात चमकणारी वस्तू पाहून वैमानिक तक्रारी करायचे. खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून नैसर्गिक कारणांचे खुलासे दिले गेले. त्या काळच्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा विमानांमुळे होत्या, असा सीआयएच्या १९९७ मधल्या लेखाचा दावा आहे. तो मला फुगवलेला वाटतो, पण तऱ्हा कळते. आजही एखादी चित्रफीत दाबून ठेवण्याचं कारण बहुतेकदा चित्रातली वस्तू नसते, तर कॅमेरा किती दुरून किती स्पष्ट पाहू शकतो हे शत्रूला कळू नये, हे असतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हे सगळं उघड्यावर घडलं. अमेरिकेवरून तरंगत गेलेला चिनी फुगा ४ तारखेला दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे पाडण्यात आला. याआधीही असे फुगे येऊन गेले आणि आपल्याला दिसले नाहीत, हे उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या प्रमुखांनी कबूल केलं. रडारची गाळणी सैल केली, तेव्हा संथ आणि लहान वस्तूही दिसायला लागल्या. १०, ११ आणि १२ तारखेला अलास्का, युकॉन आणि ह्यूरॉन सरोवर इथे अशा तीन वस्तू लढाऊ विमानांनी पाडल्या. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बायडेन म्हणाले, ते बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी लोकांचे किंवा संशोधनाचे फुगे असावेत. अवशेष हाती न लागताच शोध थांबवला गेला. एकेका क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरांच्या वर; ह्यूरॉनवर सोडलेलं पहिलं तर नेम चुकून पाण्यात गेलं.